पेव क्रमांक

मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यांवरच्या माडीवर ऑफिस.
पंख्याच्या पात्यांवर पिवळी साय.
की-बोर्ड उलटा केला तर
चिमूटभर भंडारा पडतो.

मला बोलावलंय
जुनी प्रणाली मोडून नवी बांधायला.
सव्वीस वर्षांचा कोड, चार भाषांतला,
त्यातल्या एकीचं आता कुणी नावही घेत नाही.
पहिला लिहिणारा कुणी एक शहापुरे.
त्याची एकच टीप सापडली, रोमन लिपीतल्या मराठीत:
इथे हात लावू नये. का ते विचारू नये.

आठवडाभर मी फळ्यावर चौकोन काढले.
आवक. वजनकाटा. सौदा. तोलाई. हमाली. पट्टी.
मग बाण:
कोण कुणाला हाक मारतं,
कोण कुणासाठी ताटकळतं,
कोण उत्तराची वाट न बघता पुढं निघून जातं.
शुक्रवारी फळा
मोड आलेल्या मटकीसारखा दिसू लागला.

आणि प्रत्येक पावतीवर एक रकाना: पेव क्रमांक.
भरल्याशिवाय पडदा पुढं सरकत नाही.
हरिपूरच्या पेवांत पाच साली पुराचं पाणी शिरलं,
तेव्हापासून काउंटरवरची पोरं तिथं शून्य मारतात.
दिवसाला नऊशे पावत्या, नऊशे शून्यं.
म्हटलं, आधी हे काढू.

काढलं. चाचणीच्या मशीनवर, नशीब.
आवक चालली. काटा चालला. सौदा चालला.
शनिवारची हमाली लावली, तर
चारशे बारा माणसांची मजुरी
निरंक.

दोन दिवस शोधत होते.
कधीतरी कुणाला टोळीचा नंबर ठेवायला
जागा मिळाली नसावी.
म्हणून रात्री अडीचला एक प्रोग्राम उठतो,
त्या मेलेल्या रकान्यात, शून्याच्या पाठीमागं
टोळी लपवून ठेवतो
आणि झोपतो.
कुणाच्याही चौकोनात तो नव्हता.

भूपाल मगदूम, पूर्वीचे तोलाईदार,
चहाला माडीवर येतात. गुडघे धरत, जिना मोजत.
त्यांना सांगितलं, तर हसले.
'पेव असं भसकन उघडत न्हाईत, बाई.
तोंडावरची माती काढायची, फरशी सरकवायची,
रातभर तसंच ठेवायचं.
सकाळी दोरीनं कंदील सोडायचा आत.
इझला, तर माणूस घालायचा न्हाई.
ऱ्हायला, तर एक बारकं पोरगं,
कमरंला दोर बांधून.'

मी विचारलं, दोन पेवांच्या मधली माती कुणाची?
कप बशीत ठेवून त्यांनी बराच वेळ घेतला.
'पेवांचं मालक हुतं. मधल्या मातीला कुणी न्हवतं.
पर रस्ता तिच्यावरच हुता की.
भरल्या गाड्या जायच्या.'

ते गेल्यावर मी फळ्यासमोर उभी राहिले.
चौकोन मला पाठ होते.
पांढऱ्या जागेकडं पहिल्यांदाच बघत होते.

मग एक कंदील लिहिला.
सात ओळींचा. काही बदलत नाही,
नुसता आत जातो आणि कोण कोण त्या रकान्याला
शिवून गेलं, तेवढं नोंदवतो.
तीन आठवडे जळत होता.
मी त्याची राख रोज वाचायचे:
हमाली. हमाली. हमाली. अडीचचा.
चौथ्या मंगळवारी, पहाटे,
ओळखीचा नसलेला एक पत्ता.
मिरजेकडच्या कुठल्याशा गोदामातलं मशीन,
महिन्यातून एकदा जागं होणारं,
अजून विचारत होतं:
माझी हळद कितव्या पेवात?

नव्या प्रणालीत टोळीला तिची स्वतःची जागा दिली.
अडीचचा प्रोग्राम निवृत्त केला.
पेव क्रमांक मात्र ठेवलाय, ऐच्छिक,
शहापुरेंच्या टिपेखाली माझी टीप, देवनागरीत,
का ते सविस्तर.

रविवारी हरिपूरला गेले होते, सहज.
रस्त्यावर डांबर आहे.
उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आला,
मी बाजूला सरकले,
आणि कशावरून कशावर सरकले
ते कळलं नाही.